वेळेआधी उगवलेला चंद्र

"हे मोदक आहेत, मॅडम. मोदक! गणपतीचा नैवेद्य! ह्याला तुम्ही बाहेरचा पदार्थ म्हणता?"

बाळकृष्णरावांनी स्टीलचा डबा छातीशी धरला होता आणि काखेत भिंतीवरच्या कॅलेंडरची गुंडाळी होती. समोर हॉटेलची मॅनेजर अलमेलू उभी होती आणि तिच्यामागे पाटी होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत, असं त्या पाटीवर इंग्रजीत आणि तमिळमध्ये लिहिलं होतं. मराठीत लिहिलेलं नाही, हा मुद्दा बाळकृष्णरावांनी आधीच मांडला होता. ती इंग्रजीत बोलत होती आणि हे हिंदीत. भांडणाला तेवढं पुरतं.

आता कुणी म्हणेल, मोदकांचा डबा घेऊन माणसानं हॉटेलात जावंच कशाला? तर त्याला कारण होतं आणि ते कारण बाजूलाच रडवेल्या चेहऱ्यानं उभं होतं. ऋचा. बाळकृष्णरावांची एकुलती एक मुलगी, चेन्नईतल्या सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरीला. तिथेच तिला वेंकट भेटला. वेंकट घरी मराठी बोलायचा, म्हणजे त्याच्या घरचे लोक ज्याला मराठी म्हणत ते बोलायचा. तंजावरकडची माणसं, तीन शतकांपूर्वी तिकडे गेलेली आणि आता दोन पिढ्या चेन्नईत स्थिरावलेली. मुलगा चांगला, घर चांगलं. पण कंपनी त्याला मंगळवारी दीड वर्षासाठी अमेरिकेला पाठवत होती. त्याआधी दोन्ही घरांची गाठ पडून हो की नाही ते ठरायला हवं होतं, आणि त्यासाठी एकच रविवार उरला होता. त्या रविवारी नेमकी संकष्टी आली.

दोन्ही घरांत संकष्टीचा उपास. चंद्रोदय झाल्याशिवाय ना हे जेवणार ना ते. मग ऋचानंच डोकं लढवलं. ईस्ट कोस्ट रोडवर समुद्राकाठी एक शाकाहारी हॉटेल होतं. त्याच्या गच्चीवर बसलं की चंद्र थेट पाण्यातून वर येताना दिसतो, आणि तेवढ्यासाठी लोक आठ-आठ दिवस आधी टेबल राखून ठेवतात. दोन्ही घरांनी मिळून चंद्र बघायचा, तिथेच नैवेद्य दाखवायचा, एकत्र उपास सोडायचा. बाबा विरघळतील, असा तिचा अंदाज. पोरगी चोवीस वर्षं त्या बापाच्या घरात राहिली होती, तरी असा अंदाज बांधते म्हणजे प्रेम माणसाला किती आशावादी करतं बघा.

कारण बाळकृष्णराव विरघळणाऱ्या जातीचे नव्हते. बदल्या होत होत ते आता चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होते. केसाएवढा फरक निघाला की माल परत, ह्यावर त्यांची तीस वर्षांची नोकरी उभी होती. घरातही तोच खाक्या. ताकात मीठ जास्त झालं तर ते नुसतं जास्त झालं असं म्हणत नसत, किती जास्त झालं ते सांगत. आणि मुलीच्या लग्नाबाबत त्यांची एकच अट होती. घर वेळ पाळणारं हवं.

"सर, डबा माझ्याकडे द्या," अलमेलू शेवटी म्हणाली. "चंद्र आला की मी स्वतः टेबलावर आणून देते. माझाही आज उपास आहे."

"मोजून घ्या. एकवीस आहेत," बाळकृष्णराव म्हणाले.

तिनं खरोखर मोजले. त्यामुळे त्यांना ती बाई जरा बरी वाटली. पण ते समाधान फार टिकलं नाही. ठरलेली वेळ साडेसातची. आवडीहून शहराचं दुसरं टोक गाठायचं म्हणून हे चार वाजता टॅक्सीनं निघाले होते आणि साडेसहालाच पोहोचले होते. साडेसात झाले. पावणेआठ झाले. पोटात सकाळचा एक कप चहा आणि दुपारचं एक केळं. त्यांच्या पत्नी विद्युलताबाई खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. नवऱ्याबरोबर सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला कुठेही डोळे मिटून बसता येतं.

"ही सुरुवात आहे!" बाळकृष्णराव गच्चीच्या दारात येरझाऱ्या घालत म्हणाले. "आज आपल्याला ताटकळत ठेवतायत, उद्या तुला ठेवतील!"

"बाबा, ते वाटेत देवळात थांबलेत. अभिषेक आहे. वेंकटचा मेसेज आलाय."

"देवळात गर्दी असणार हे त्यांना आज कळलं? देव काय काल आलाय तिथे?"

आठ वाजून पाच मिनिटांनी मंडळी आली. वेंकटचे वडील कृष्णस्वामीराव रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळावर गंध, चेहऱ्यावर मोठं हसू. आई चंद्रिकाबाई, हातात भली मोठी पर्स. त्यांच्यामागे वेंकट, घामाघूम.

"कोपूं नका, बाळकृष्णराव, कोपूं नका!" कृष्णस्वामीराव दोन्ही हात जोडून म्हणाले. "देवळांत इतकी गर्दी, इतकी गर्दी, मी पाहिलों आणि भिऊन गेलों."

"स्टेशनमास्तर होतात ना तुम्ही?" बाळकृष्णराव म्हणाले. "पस्तीस मिनिटं लेट!"

"म्हणून तर सवय आहे कीं!" कृष्णस्वामीराव खळखळून हसले. बाळकृष्णराव हसले नाहीत.

मग बसण्यावरून सुरू झालं. गोल टेबल, सहा खुर्च्या, आणि त्यातली एक खुर्ची अशी की तिच्यावर बसणाऱ्याची पाठ बरोब्बर समुद्राकडे. ती खुर्ची कुणालाच नको होती, म्हणून सगळेच ती मागायला लागले.

"तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसा," कृष्णस्वामीराव म्हणाले. "आम्ही रोज पाहतों. तुमच्याकडे समुद्र नाहीं."

"आमच्याकडे समुद्र नाही?" बाळकृष्णरावांचा आवाज चढला. "आमच्याकडे अख्खं कोकण आहे, राव! असले समुद्र आम्ही..." विद्युलताबाईंनी कोपर मारलं म्हणून वाक्य तिथंच राहिलं. "ते काही नाही. मी मुलीचा बाप आहे. तुम्ही पाहुणे. मानाची जागा तुमची." एवढं बोलून त्यांनी ती पाठमोरी खुर्ची ओढली आणि घट्ट बसले. आता त्यांच्यासमोर हात धुवायचं बेसिन होतं, स्वयंपाकघराचं दार होतं आणि त्या दारावर घड्याळ होतं. त्यांना घड्याळ पुरेसं होतं.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. शहाळ्याचं पाणी आलं. चंद्रिकाबाईंनी पर्स उघडून केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी अलगद बाहेर काढलं, ते त्यांच्याकडचे मोदक निघाले, कोळुकट्टै. त्या दारातल्या पाटीला न विचारता सरळ आत घेऊन आल्या होत्या. बाळकृष्णरावांनी ते पाहिलं आणि मनात नोंद केली. वेळ नाही, आणि आता नियमही नाहीत. कृष्णस्वामीराव मात्र रंगात आले होते. आम्ही तीनशें वरुषें इथें आहों, पण घरांत मराठीच बोलतों, आमटीला आमटीच म्हणतों, असं ते सांगत होते. विद्युलताबाई आणि चंद्रिकाबाईंचं तर जुळलंच. एकीनं विचारलं, उकड काढताना तेल घालता का, आणि दुसरीनं दिलेलं उत्तर पाच मिनिटं चाललं. ऋचाच्या चेहऱ्यावर रंग आला.

आणि तेव्हाच बाळकृष्णरावांना वाटलं, आपण मुद्द्यावर यावं.

"हे बघा, राव," ते घसा खाकरून म्हणाले. "मुलगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण माझं एक म्हणणं आहे. वेळ. माणसानं वेळ पाळली की बाकीचं सगळं आपोआप पाळलं जातं. आमच्या घरात सत्तावीस वर्षांत एक जेवण इकडचं तिकडं झालेलं नाही. आता साधी आजची गोष्ट घ्या..."

गच्चीवरचे दिवे गेले.

"झालं!" बाळकृष्णराव टेबलावर हात आपटून म्हणाले. "एवढं मोठं हॉटेल, आणि जनरेटर नाही! लोकांना बोलावतात कशाला मग?"

अंधारात त्यांनी पाहिलं तर समोरची पाचही माणसं त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती. सगळ्यांची तोंडं अर्धवट उघडी. शेजारच्या टेबलांवरून 'आहाहा' असा आवाज उठला, कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

खरं सांगायचं तर तसा देखावा माणसाला जन्मात दोन-तीनदाच बघायला मिळतो. समुद्राच्या काळ्या पाण्यातून तांबडालाल चंद्र वर येत होता, चतुर्थीचा, एका अंगाला किंचित चेपलेला, आणि पाण्यावर त्याची लांबच लांब वाट थेट गच्चीपर्यंत आली होती. तो नीट दिसावा म्हणूनच हॉटेलवाले दिवे मालवत असत. सगळी गच्ची श्वास रोखून बघत होती. एक माणूस सोडून, आणि त्या माणसाचा संताप अनावर झाला होता.

"मी इथे मुलीच्या लग्नाचं बोलतोय! आणि तुम्ही तिकडे काय बघत बसलाय?"

"बाबा, चंद्र!" ऋचा म्हणाली.

"कसला चंद्र?" बाळकृष्णरावांनी स्वयंपाकघराच्या उजेडात घड्याळाकडे पाहिलं. "आठ चव्वेचाळीस झालेत. चंद्रोदय नऊ चौदाला आहे."

"अहो, पण आलाय ना तो. मागे वळून बघा तरी," विद्युलताबाई म्हणाल्या.

"मी वळणार नाही."

"अंकल, खरंच आला," वेंकट म्हणाला. त्या बिचाऱ्याला बोलायची गरज नव्हती, पण तरुण माणसांना खरं बोलायची हौस असते.

"अय्यो, बाळकृष्णराव, गोल, लाल, ताटाएवढा आहे! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलों!" कृष्णस्वामीरावांनी चंद्राला हात जोडले. चंद्रिकाबाईंनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन अर्घ्य दिलं. दिवे परत लागले. अलमेलू स्वतः मोदकांचा डबा घेऊन आली, मागोमाग केळीची पानं आली, भात आला, सांबार आलं, तुपाची वाटी आली. वासानं विद्युलताबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"थांबा!" बाळकृष्णराव ओरडले. "परत न्या हे सगळं!"

वाढपी थबकले. शेजारच्या टेबलावरचे घास हातात राहिले.

"काय झालं, सर?" अलमेलूनं विचारलं. "व्ह्यू बरोबर दिसला नाही का?"

"व्ह्यू गेला खड्ड्यात! अजून चंद्रोदय व्हायचाय!"

अलमेलूनं त्यांच्या डोक्यावरून समुद्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, मग परत समुद्राकडे. एवढी वर्षं ती तिथे काम करत होती. सांबार थंड आहे, पंखा बंद आहे, समुद्राचा आवाज फार येतो, अशा तक्रारी तिनं ऐकल्या होत्या. ही नवीन होती.

"सर, तो आलाय," ती हळूच म्हणाली.

"दिसला म्हणजे उगवला असं होत नाही, मॅडम. माझ्या टेबलावर रोज शंभर पार्ट येतात. दिसायला सगळे बरोबर. पण मोजमापात बसला नाही की मी परत पाठवतो. हा चंद्र अर्धा तास आधी आलाय. मी तो मान्य करत नाही." आणि मग कृष्णस्वामीरावांकडे वळून, "माणसं पस्तीस मिनिटं उशिरा आणि चंद्र तीस मिनिटं लवकर! काय चाललंय काय तुमच्या गावात?"

कृष्णस्वामीरावांचं हसू मावळलं. "तीनशें वरुषें आमचा चंद्र ह्याच समुद्रांतून येतो," ते म्हणाले. "कुणी त्याला परत पाठवला नाहीं."

"कुणी तपासला नसेल!"

"बाबा, प्लीज," ऋचा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. मॅडम, कम्प्लेंट बुक आणा."

अलमेलूनं कम्प्लेंट बुक आणलं. दुसरं काय करणार? बाळकृष्णरावांनी खिशातलं पेन काढलं, तारीख घातली, टेबलाचा नंबर घातला आणि सरकारी इंग्रजीत लिहिलं की सदर हॉटेलात चंद्र नियोजित वेळेच्या तीस मिनिटे अगोदर दाखवण्यात आला, त्यामुळे उपवासाच्या ग्राहकांची दिशाभूल झाली, तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली सही, सहीखाली हुद्दा. अलमेलूनं ते दोनदा वाचलं.

"मालकांना मी काय सांगू, सर?"

"माझी सही दाखवा. त्यांना कळेल."

सांबार परत गेलं. भात परत गेला. तूप विद्युलताबाईंनी धरून ठेवलं होतं, तेही त्यांच्या हातातून सुटलं. टेबलावर एकवीस मोदक, पानातल्या कोळुकट्टै आणि सहा उपाशी माणसं उरली. कृष्णस्वामीरावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. उठायच्या बेतातला माणूस तसं करतो, हे ऋचाला कळलं आणि तिनं टेबलाखाली वेंकटचा हात गच्च धरला. मंगळवारी तो जाणार होता. आज ही माणसं उठली तर दीड वर्ष कुणी कुणाच्या घरी पाय ठेवणार नव्हतं, आणि दीड वर्षानंतरचं कुणी सांगावं.

"चंद्रिके, चल," कृष्णस्वामीराव म्हणाले. "ज्यांना मी लबाड वाटतों त्यांच्या पंगतीला मी बसणार नाहीं."

"लबाड नाही म्हटलं मी!" बाळकृष्णरावांनी काखेतलं कॅलेंडर टेबलावर उलगडलं. साखरपुड्याची तारीख काढावी लागली तर असू दे, म्हणून ते भिंतीवरून काढून आणलं होतं. "इथे छापलंय ते म्हणतोय मी! मराठी कॅलेंडर आहे हे. तुम्ही स्वतःला मराठी म्हणवता ना? मग वाचा की!"

कृष्णस्वामीराव खालच्या आवाजात म्हणाले, "मला बाळबोध लिपी वाचतां येत नाहीं. आम्ही मराठी बोलतों. लिहितों तमिळांत."

चंद्रिकाबाईंनी मान खाली घातली. बाळकृष्णरावांनाही क्षणभर चुकल्यासारखं झालं असावं, पण रागाच्या भरात माणूस चुकल्यासारखं वाटलं की आणखीच पुढे जातो.

"मग तुमचा मुलगा? त्याला येतं?"

"येतं, अंकल," वेंकट म्हणाला. "थोडं थोडं. ऋचा शिकवली."

"वाच. आत्ता. ह्या सगळ्यांसमोर वाच. बघू दे तरी माझी मुलगी कुणाच्या घरी जायचं म्हणतेय."

वेंकटनं कॅलेंडर स्वतःकडे ओढलं. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा तो ताठ झाला आणि बोट ठेवून अगदी वरपासून वाचू लागला. महिन्याचं नाव वाचलं. वारांची नावं वाचली. एक तारखेपासून सगळ्या तिथ्या वाचल्या. कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं नाही हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो काहीच सोडत नव्हता. विद्युलताबाईंनी पेन्सिलनं लिहिलेलंही त्यानं सोडलं नाही.

"गॅ...स... ला...व...ला," तो वाचत होता. "दू...ध... ना...स...लं. का...म...वा...ली... आ...ली... ना...ही."

"ते नको, ते नको," विद्युलताबाई पुटपुटल्या.

"वाचू दे त्याला," बाळकृष्णराव म्हणाले.

"सं...क...ष्ट... च...तु...र्थी. चं...द्रो...द...य... नऊ चौदा."

"ऐकलंत?" बाळकृष्णरावांनी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं. "नऊ चौदा! तुमचाच मुलगा वाचतोय, राव, तुमचाच!" पण वेंकट थांबला नव्हता. पान संपेपर्यंत परीक्षा संपत नाही, असं त्याला वाटत होतं. तो एकतीस तारखेपर्यंत गेला आणि मग अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं तिकडे वळला. त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं.

"स...र्व... वे...ळा..." तो वाचू लागला. "मुं...ब...ई...च्या... आ...हे...त. इ...त...र... गा...वी... फ...र...क... प...डे...ल."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी पापड मोडला तो आवाजसुद्धा ऐकू आला.

"कुठे? कुठे आहे? दाखव!" बाळकृष्णरावांनी कॅलेंडर हिसकावलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि खिशातलं भिंग काढलं. तपासणीचा माणूस, भिंग कायम जवळ. ते अक्षर न् अक्षर बघत राहिले. "पूर्वी नसायचं हे. ह्याच वर्षी घातलेलं दिसतंय," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"तसंच असणार कीं," कृष्णस्वामीराव परत खुर्चीत टेकत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट आपल्या विषयावर बोलायला मिळाल्याचा आनंद होता. "मुंबई पश्चिमेला. जितकें पूर्वेला यावें तितका चंद्र आधीं. चेन्नईला अर्धा तास आधीं. साधी गोष्ट आहे."

"राव," विद्युलताबाई म्हणाल्या. "मग जबलपूरला?"

"जबलपूरलाही अर्धा तास, अक्का."

"आणि कोलकात्याला?"

"तिथें तर पुरता एक तास."

विद्युलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी सत्तावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"अहो, जबलपूरला आपण किती वर्षं होतो?"

"सहा. का?"

"आणि कोलकात्याला?"

"पाच. पण त्याचं आत्ता काय?"

"आणि इथे येऊन आठ महिने झाले." त्या बोटांवर मोजू लागल्या. कृष्णस्वामीरावांनी आधीच मनात गणित केलं होतं. वेळेचं गणित समोर आलं की स्टेशनमास्तराला राहवत नाही.

"जबलपूरचे छत्तीस तास," ते म्हणाले. "कोलकात्याचे साठ. इथले चार. शंभर तास होतात, अक्का. अधिक महिना धरलों नाहीं."

"अधिक महिन्यातही मी उपाशीच होते!" विद्युलताबाई उभ्या राहिल्या. "शंभर तास! चार दिवस आणि चार तास! हा माणूस मला अन्नासमोर बसवून घड्याळाकडे बघत होता! अहो, कोलकात्याला चंद्र नारळाच्या शेंड्यावर यायचा, सगळ्या शेजारणी आटोपून भांडी घासायला लागायच्या, आणि मी म्हणायचे, अहो, आलाय हो चंद्र. तर म्हणे, दिसला म्हणजे उगवला असं नव्हे!"

"अगं, हळू बोल, लोक..."

"लोक ऐकू देत! ही पोरगी माझ्या पोटात होती. सातवा महिना. मला भोवळ यायला लागली, मी भिंतीला धरून म्हटलं, एक घास तरी खाते. काय म्हणालात तुम्ही? चाळीस मिनिटं राहिलीत फक्त! आणि चंद्र खिडकीत उभा होता, अहो, खिडकीत! मी त्याच्याकडे बघून रडले, आणि तुम्हाला वाटलं मी भक्तीनं रडतेय!"

गच्चीवरच्या बाकी एकाही माणसाला मराठी कळत नव्हतं, पण सगळ्यांना सगळं कळलं. अलमेलूनं न सांगताच वाढप्यांना खूण केली. भात परत आला, सांबार परत आलं, तूप परत आलं. बाळकृष्णराव काहीतरी म्हणणार होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. इथवर आल्यावर आता सात मिनिटांसाठी हरायचं, हे काही त्यांना जमेना. ते हाताची घडी घालून बेसिनकडे बघत बसून राहिले.

विद्युलताबाईंनी चंद्राला नमस्कार केला. डबा उघडला, पहिला मोदक फोडला, त्यावर तूप घातलं आणि उभ्याउभ्याच खाल्ला. मग बसल्या. मग चंद्रिकाबाईंची एक कोळुकट्टै खाल्ली आणि उकड छान झालीय म्हणून सांगितलं. मग वेंकटकडे वळल्या.

"किती वाजता आहे तुमचं विमान मंगळवारी?"

"रात्री, आंटी."

"मग सोमवारी संध्याकाळी घरी या सगळे. साखरपुडा करून टाकू. चंद्रिकाबाई, चालेल ना?"

"चालेल म्हणजे, अक्का!" चंद्रिकाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. कृष्णस्वामीराव डोळे पुसत हसत होते. ऋचा तर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली.

"मुलगा कसा, घर कसं, पगार किती, मला काही विचारायचं नाही," विद्युलताबाई म्हणाल्या. "ज्या घरात चंद्र दिसला की पानं वाढतात, त्या घरात माझी मुलगी सुखात राहील. ठरलं."

"ठरलं?" बाळकृष्णराव खुर्चीतून अर्धे उठले. "असं कसं ठरलं? मी बाप आहे तिचा! मला कुणी विचारलं का?"

"तुम्हाला नऊ चौदाला विचारू," विद्युलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी वेंकटच्या पानात दुसरा मोदक वाढला.